मापात बसणारा पाय

नर्सिंगला जायचंय? मग पोरी, आधी पाय मोजून घे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव. भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नियमात मात्र अपंगत्व फक्त पायाचं, तेही ४० ते ५०. एकोणचाळीस कमी पडतात, एक्कावन्न उतू जातात. कान-डोळे हिशेबातच नाहीत. खामगावच्या बाजारात कापूससुद्धा इतका काटेकोर तोलत नसतील! या मापासाठी लोणारहून मेहकर, चिखली करत एसटीनं बुलढाणा गाठायचं, जिल्हा रुग्णालयात टक्के लिहून घ्यायला. आता रात्रपाळीत सलाईनची बाटली बदलायला किती टक्के पाय लागतो, तेवढं भारतीय परिचर्या परिषदेनं एकदा कळवावं.