'कायमचे मोफत' पाटी लावणाऱ्या फोटोघराच्या मालकांस खुले पत्र

मालक,

तुमचं नाव घेत नाही. 'कायमचे मोफत' ही तुमच्या दारावरची पाटी एवढीच ओळख पुरे. त्या पाटीवर विश्वास ठेवून वसईतल्या आमच्या मंडळींनी घरोघरचे अल्बम स्कॅन केले आणि तुमच्या संकेतस्थळाच्या हवाली केले. आता तिथे नुसते करडे चौकोन दिसतात, त्यावर तुमचा हुकूम: आधी पैसे भरा, मग फोटो बघा.

पैसे मागितलेत याचा राग नाही. डिस्क, वीज, माणसं फुकट मिळत नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण महिनाभर आधी एक ईमेल धाडायला काय झालं होतं?

काय अडवून ठेवलंय ते तरी एकदा डोळे उघडून बघा. लाल लुगडं नेसून लग्नाला उभ्या असलेल्या कुपारी समाजाच्या बायका. उन्हात वाळत घातलेली राजेळी केळी आणि शेजारी सुक्या पानांत बांधलेली सुकेळी. एक बावखल, म्हणजे गावातलं तळं, जे कधीच बुजवलं गेलं. जुलै २०१८च्या पुरात वसईत घराघरांत पाणी शिरलं, त्यात काही मूळ फोटोंचा लगदा झाला. त्यांची स्कॅन केलेली प्रत हीच आता एकमेव प्रत, आणि ती तुमच्या कुलपात. व्हॉट्सॲपवर काही सापडतात, पण इतके दाबलेले की मागच्या रांगेतल्या आजीचा चेहरा ओळखता येत नाही. ज्या थोड्या फाइली तुमच्याकडून सुटल्या, त्यांची आम्ही दिलेली नावंही तुम्ही पुसलीत. 'निर्मळची जत्रा' पाठवली होती, परत आली ती अक्षर-आकड्यांची खिचडी.

हा धंदा तुम्ही शोधून काढलेला नाही. २०१७ साली फोटोबकेट या फोटो साठवणाऱ्या संकेतस्थळाने दुसऱ्यांच्या पानांवर चित्रं दाखवायचे वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि जगभरची असंख्य पानं चित्रांविना ओकी पडली. त्यातून धडा घ्यायच्या ऐवजी तुम्ही तोच कित्ता गिरवलात.

आम्ही चाललो. फोटो आता ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये जात आहेत. तिथे प्रत्येक फोटो स्वतंत्र वस्तू म्हणून राहतो, त्याला स्वतःची किल्ली असते, आणि जेवढी जागा वापरू, जेवढा डेटा बाहेर जाईल, त्याचं बिल येतं. ॲमेझॉनने एस-थ्री ही अशीच सेवा २००६ साली सुरू केली, २०१६पासून तिचं केंद्र मुंबईतही आहे. तिची भाषा आज इतर अनेक कंपन्यांच्या सेवाही बोलतात, म्हणून एकाने दगा दिला तर सामान उचलून दुसऱ्याकडे जाता येतं. तुम्हाला झोंबावं ते मात्र पुढेच आहे: फोटोंचा पत्ता आता आमच्या स्वतःच्या डोमेनचा असेल. आमच्या नोंदींत फक्त किल्ली लिहिलेली असेल, कंपनीचं नाव नाही. मागचं गोदाम बदललं तरी एकही दुवा तुटणार नाही.

आणि तिथेही आंधळा विश्वास नाही. मार्च २०२१मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, त्यांचा डेटा कायमचा गेला. म्हणून एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे आणि एक इथे वसईत, कपाटातल्या डिस्कवर. नेलेल्या प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला आकडा, जुळवून पाहिल्याशिवाय 'पोहोचली' म्हणायचं नाही, असं ठरलंय.

तुमच्याकडे मागणं एवढंच. महिनाभर कुलूप काढा. आमच्या फाइली मूळ आकारात, मूळ नावांनिशी आणि त्यांत नोंदलेल्या तारखांसकट उतरवून घेऊ द्या. त्यासाठी लागणारा डेटाचा खर्च सांगा, तो आम्ही वर्गणी काढून भरू.

आणि आगाशी, निर्मळ, नंदाखाल, पापडीच्या वाचकांनो, तुमच्या घरी मूळ फोटो शिल्लक असतील तर ते पुन्हा स्कॅन करायला द्या. फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल, तर ती बाजूही स्कॅन करून घ्या.