टाळकं शाबूत, पाय गेला

ऐकलंत का काकू, पलीकडच्या भाऊंचं होडीचं इंजिन बसलं! दांडीच्या किनाऱ्यावर सकाळपासून तोच विषय. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, आणि दोरी ओढून ओढून भाऊंचा खांदा निखळायची वेळ.

१ जूनला मासेमारीची बंदी लागली तसं खाऱ्या पाण्यातून काढलं ते सरळ मांगरात टेकवलं. गोड्या पाण्यावर थोडा वेळ चालवून, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून मग ठेवायचं, एवढंही नाही. बरं, मागची पाण्याची धार मे महिन्यातच बारीक झाली होती. मला तर वाटलं, तापून पिस्टनच गेला असणार.

भाऊंचा मुलगा म्हणतो, भंगारात घाला, फोर स्ट्रोक घेऊ. त्याला डॉल्फिन दाखवायला पर्यटक न्यायचेत ना. आवाज कमी, धूर कमी. पण ते वजनाला जड, होडीच्या मागच्या फळीला झेपेल का, हे कोण बघणार? वहिनी कडाडली, “लाखभराचा इंजिन म्हणजे काय बांगड्याचो वाटो, बाजारात गेलंय नि घेवन इलंय?”

शेवटी मिस्त्री आला. मी इथे कपडे वाळत घालत होते, म्हणून दिसलं हो! आधी त्यानं खालचा स्क्रू सोडला, तर गिअरचं तेल पांढरट आलं. म्हणजे सील गेलं, आत पाणी शिरलं. मग प्लग काढून गेज लावलं, दोरी ओढली. दोन्ही सिलिंडरचा दाब जवळजवळ सारखा! “टाळका शाबूत असा, पाय बिघडलो,” म्हणाला. पंपाचा रबरी इम्पेलर, सील, आणि चिकटलेला जेट साफ, एवढ्यात भागतंय. दाबात मोठा फरक निघाला असता, तर मीसुद्धा मुलाच्या बाजूनं बोलले असते.

खरी गंमत पुढेच. खारं पाणी इंजिनाचं अॅल्युमिनियम खाऊ नये म्हणून खाली जस्ताचा तुकडा बसवतात ना, आधी तो झिजावा म्हणून? भाऊंनी इंजिन रंगवताना त्यालाही रंग फासला! रंगाखाली जस्त आहे तसं, आणि पाय कुरतडलेला. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. ब्रॅकेटला मात्र चीर नाही, नाहीतर इंजिन एक दिवस फळीवरून सुटून समुद्रातच गेलं असतं.

तेव्हा हा हंगाम दुरुस्तीवरच. मुलगा फुगून बसलाय. आणि हो, वहिनीनं मिस्त्रीला जेवायला थांबवलंय, कोळंबीचं सुकं केलंय म्हणे. आपल्याला विचारलं का कधी?