दुभाष्याचं बिऱ्हाड

आमच्या टीव्हीखालच्या कपाटावर सध्या एक काळी डबी आहे. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. पुढे निळा दिवा, मागे चार भोकं, बटण एकही नाही. गणपतीत आलेल्या माझ्या चुलतसासऱ्यांनी ती उचलून पाहिली.

"हे काय?"

"डॅक."

"डाक? म्हणजे पोस्टाचं काही?"

"नाही काका, दुभाषी आहे तो."

त्यांनी डबी जपून खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

पण शब्द बरोबरच होता. हल्ली गाणं आकड्यांत साठवतात. सीडीच्या हिशेबाने एका सेकंदाला ४४,१०० आकडे, तेही डाव्या कानाचे वेगळे आणि उजव्या कानाचे वेगळे, आणि प्रत्येक आकडा १६ बिटांत मावणाऱ्या ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्यातरी एकीवर उभा. स्पीकरला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला फक्त विजेचा कमीजास्त होणारा दाब समजतो. आकडे वाचून त्यांचा दाब करायचा, एवढंच या दुभाष्याचं काम. तो मोबाईलमध्ये असतो, टीव्हीत असतो, हेडफोनचं भोक नसलेल्या फोनला आपण जी बोटभर वायर जोडतो तिच्या टोकातही असतो. वाद असतो तो त्याच्या राहण्याच्या जागेचा. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच राहायचं, की शेजारी वेगळं बिऱ्हाड करायचं?

सुरुवातीला तो पोटातच होता, पण सीडी प्लेअरच्या. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला, सीडीपी-१०१. त्यात दोन कानांना मिळून दुभाषी एकच! तो आधी एका कानाशी बोलायचा, मग दुसऱ्याशी. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले सुमारे अकरा भाग दुसरा कान वाट पाहत असे. फिलिप्सने दोन्ही कानांना स्वतंत्र दुभाषी दिले, पण ते १६ऐवजी १४ बिटांचे, आणि ती उणीव आकडे चौपट वेगाने चालवून भरून काढली. मला या दोन्ही कंपन्यांबद्दल त्यामुळे एकदम घरोबा वाटतो. ओढाताणीचा संसार आम्हीही केलेला आहे.

पुढे लोकांना वाटू लागलं, की ज्या पेटीत मोटर फिरते, लेसर हलतो, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, त्या गजबजाटात दुभाष्याचं डोकं शांत कसं राहणार? म्हणून त्याला बाहेर काढलं. बाहेर काढल्यावर कळलं, की लय आतच राहिली. आकडे कोणत्या क्षणी म्हणायचे हे सांगणारं घड्याळ एका पेटीत आणि म्हणणारा दुसऱ्या पेटीत. तबलजी एका खोलीत, गवई दुसऱ्या खोलीत आणि मधल्या भिंतीतून ठेका ऐकून सम गाठायची, असला प्रकार. वायरीतून येणाऱ्या आकड्यांवरूनच लयीचा अंदाज घ्यावा लागे, आणि तो किंचित डळमळला की त्याला जिटर म्हणत. मग हा डळमळाट घालवण्याच्या युक्त्या निघाल्या. आता यूएसबीवर बऱ्याच डब्या ठेका स्वतःच्या हातात ठेवतात आणि कॉम्प्युटरला सांगतात, मी मागेन तेव्हा आकडे दे. वेगळं निघाल्यावर आधी अडचण आणि मग तिच्यावर खर्च, हा क्रम काही फक्त यंत्रांचा नाही.

माझी गोष्ट जुना अ‍ॅम्प्लिफायर वारला तिथून सुरू होते. सव्वीस वर्षांची सोबत. तपकीर गल्लीजवळच्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि काही न बोलता चष्मा काढला. मी समजलो. नवा घेतला त्यात दुभाषी अंगचाच होता. घरी आणून टीव्हीला जोडला, तर गाण्याच्या मागे बारीक घूं. तानपुऱ्यासारखं, फक्त कुठल्याच स्वरात नसलेलं.

मी जाणकारांत बसउठ करणारा माणूस. निदान तयार होतं : पोटातला दुभाषी असाच असायचा. हिचा विरोध होता. "अहो, एका डब्याला घर पुरत नाही, त्यात आणखी डबा कशाला?" मी मोठ्या धीराने वेगळी डबी आणली, सोबत प्रकाशावर चालणारी वायर. पहिला पाऊण तास काहीच वाजेना. मी मोदी लिपीतला दस्तऐवज वाचावा तसं माहितीपत्रक वाचलं. शेवटी हिनेच वायरीचं टोक चष्म्याजवळ धरून विचारलं, "हे टोपण काढायचं नसतं का?" मोहरीएवढं पारदर्शक टोपण होतं. ते काढल्यावर टोकाला लाल उजेड दिसला, वायर लावली, आणि घूं गेलं. साफ गेलं! त्या आठवड्यात मी चार मित्रांना फोन करून वेगळ्या दुभाष्याची महती सांगितली. त्यातल्या एकाने घेतलाही.

मग भाचा आला. त्याने कपाट पुढे ओढलं, मागे टॉर्च मारला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरलाच ऑप्टिकल इनपुट आहे की. तुम्ही आधी काय लावलं होतं?"

मी लावली होती सव्वीस वर्षांच्या सवयीची लाल-पांढरी वायर. म्हणजे भाषांतर टीव्हीतला दुभाषी करत होता आणि त्याच वायरीतून दोन यंत्रांच्या विजेची कुरबुर आत येत होती. प्रकाशाच्या वायरीत वीजच नाही, तर कुरबुर कुठून येणार? मी ज्याला नालायक ठरवलं, त्या पोटातल्या दुभाष्याला एका अक्षराचंही काम मिळालेलं नव्हतं. त्याच्या भोकावरचं टोपणसुद्धा तसंच होतं.

मग रीतसर परीक्षा झाली. पहिल्या फेरीत मी डोळे मिटून, पैजेवर, वेगळी डबी ओळखली. "खर्ज भरीव आहे," म्हणालो. भाच्याने मोबाईलवर आवाज मोजला, तर डबीचा आवाज अंमळ मोठा भरला. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, ही जुनी खोड. दोन्ही सारखे करून दहा फेऱ्या घेतल्या. माझे पाच अंदाज बरोबर आले, पाच चुकले. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते, आणि नाण्याला खर्जाबद्दल बोलावं लागलं नसतं.

तरीही बारीक फरकांमागे धावणाऱ्यांना मी हसत नाही. मिरजेत तानपुरा जुळवताना तारेखाली, घोडीवर, सुताचा एक धागा सरकवतात. केसभर इकडे की तार मुकी, केसभर तिकडे की ती बोलू लागते. जवारी म्हणतात ती हीच. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा धागा तिथेच दिसतो. असल्या कानांच्या मुलखात वाढलेल्या माणसाने काळ्या डबीत धागा शोधला, तर त्याचा फार मोठा गुन्हा नाही. धागा दोन पैशांचा असतो, एवढाच काय तो फरक.

आता कुणी विचारलंच तर मी सांगतो, की नवा अ‍ॅम्प्लिफायर घेत असाल तर पोटातला दुभाषी पुरतो : एक प्लग, एक रिमोट, घरात शांतता. घरातला अ‍ॅम्प्लिफायर जुना आणि धडधाकट असेल, तर मात्र वेगळा घ्या. आवाज मोठा करण्याची विद्या पंचवीस वर्षांत फारशी म्हातारी होत नाही, पण आकडे यायची दारं सारखी बदलतात; आज हे भोक, उद्या ते. बदलायचं ते बाहेर असलेलं बरं. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, की माझी डबी दोन्ही नियमांत बसत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि ऐकतो काय? तर अब्दुल करीम खाँसाहेब. ते गेले १९३७ साली. ७८ आरपीएमच्या तबकडीवरची तीन-साडेतीन मिनिटांची झिंझोटीतली ठुमरी. नव्या डबीने त्यातली खरखर फार सुंदर ऐकू येते. भीमसेन जोशींनी लहानपणी गदगमध्ये खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गुरू शोधायला घर सोडलं. मी जाणकार मित्रांमध्ये हा विषय सहसा काढत नाही.

परवा सकाळी स्वयंपाकघरातून तीच ठुमरी ऐकू आली. हिने मोबाईल स्टीलच्या पातेल्यात उभा केला होता, आवाज मोठा यावा म्हणून. लाटणं हातात तसंच, पोळी तव्यावर. मी दारात उभा राहून सांगायला लागलो, की पातेल्यामुळे मधल्या पट्टीतले स्वर जरा पुढे येतात आणि–

"अहो," ती वळूनही न पाहता म्हणाली, "तो गॅस बारीक करा. आणि संपेपर्यंत बोलू नका."

मी गॅस बारीक केला.