अण्णा आणि स्टेशनोस्टेशनचे आप्त

मे महिन्यात हौशी माणसं महाबळेश्वरला जातात, पैसेवाली मनालीला जातात आणि आमचे साडू अण्णा नागपूरला जातात. तेही नवतपात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की खुद्द नागपूरकर दुपारी उंबरठा ओलांडत नाहीत. नेमके त्याच सुमारास अण्णा बायको, दोन मुलं आणि मोजता न येणारं सामान घेऊन मिरजेहून बहिणीकडे निघतात. "रिझर्वेशन तेव्हाचंच मिळतं," हे सांगायचं कारण. खरं कारण वेगळं आहे. थंडीत गेलं तर बहीण म्हणेल, फिरायला आले. उन्हाळ्यात गेलं की केवळ तिच्यासाठी आले, याबद्दल कुणाच्या मनात शंकाच उरत नाही.

गाडी ठरलेली, महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापूरहून निघून गोंदियाला पोचेपर्यंत ती तेराशेच्या वर किलोमीटर धावते आणि राज्याची हद्द काही ओलांडत नाही. अण्णांच्या मते ती खास त्यांच्या नातेवाइकांसाठी आखलेली आहे. कुणीतरी एकदा पुण्याहून विमानानं जायचं सुचवलं, तर ते म्हणाले, "विमान मध्ये कुठं थांबतं?"

त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. पानाला एक स्टेशन. सांगली, कराड, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अशी ओळीनं. प्रत्येक पानावर रकाने : नाव, नातं, गाडी किती मिनिटं थांबते, डब्यात काय येतं आणि मागचं भांडण कशावरून झालं होतं. नोव्हेंबर 2024पासून रेल्वेनं आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60वर आणली, तेव्हा अण्णांना खरोखर वाईट वाटलं. "साठ दिवसांत माणसं कळवून होतात का?"

"मुलांना नाती कळली पाहिजेत," हा त्यांचा बाणा. त्यामुळं बाकीची मुलं गाडीत भेंड्या खेळतात, तर अण्णांची मुलं परीक्षा देतात.

"आजीच्या चुलतभावाचा जावई तुझा कोण?"

"काका."

"चूक!"

"मग त्यांना हाक काय मारायची?"

"काका."

एका वर्षी आम्हीही त्यांच्याबरोबर होतो. मध्यरात्र उलटल्यावर नगर आलं. खिडकीवर टॉर्चचा उजेड पडला, टकटक झाली. खाली एक वयस्कर गृहस्थ, हातात चार पुडांचा डबा, डोळ्यांत आमच्याइतकीच झोप. अण्णांनी दोन्ही मुलांना बर्थवरून ओढून फलाटावर उभं केलं. "हे माझ्या मावशीचे धाकटे दीर. नमस्कार करा!" थोरलीनं केला. धाकट्यानं मिटल्या डोळ्यांनी वाकून, गृहस्थांनी खाली ठेवलेल्या डब्याला केला. मला वाटतं, नात्यांचं मर्म त्या गाडीत त्यालाच कळलं होतं.

डब्यांचा कारभार ताईकडे, म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीकडे. प्रत्येक स्टेशनावर डबा आत आला की भडंगाची पिशवी बाहेर जाते, हा रिवाज. पण भूक एक आणि स्टेशनं अनेक. साताऱ्याचे पेढे, पुण्याच्या मावशीच्या गुळाच्या पोळ्या, नगरची शेंगदाण्याची चटणी, जळगावची केळी. मनमाडपर्यंत बर्थखाली चपलांना जागा उरत नाही आणि भुसावळपर्यंत दौंडचा दहीभात आपण आहोत हे स्वतःच कळवू लागतो. त्यात कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, अशी आपली रीत. म्हणजे जाताना मिळालेले सगळे डबे नागपुरात घासायचे, त्यांत संत्रा बर्फी भरायची आणि परतीच्या वाटेवर ज्याचा त्याला द्यायचे. झाकणांची अदलाबदल झाली की दौंड आणि जळगाव यांच्यात वर्षभर अबोला. ताई यावर काही बोलत नाही. ती फक्त प्रत्येक बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर पेनानं स्टेशन लिहिते.

त्याच प्रवासात अकोल्याला गंमत झाली. वहीतले अकोल्याचे काका दिसेनात. गाडी सुटायला आली. इतक्यात नळाजवळ एक गृहस्थ डबा घेऊन उभे दिसले. अण्णांनी हाक मारली, मुलांना पुढं ढकललं, नमस्कार झाले, भडंगही दिलं. ते बिचारे आपल्याच जेवणाचा डबा विसळत होते! पण माणूस दिलदार. त्यांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवला, खिशातून दहा-दहाच्या दोन नोटा काढल्या आणि भडंग ठेवून घेतलं. गाडी हलता हलता अण्णांनी त्यांचा फोन नंबर घेतला. अकोल्याच्या पानावर आता दोन नावं आहेत.

नागपुरात फार काही घडत नाही. संध्याकाळी दार उघडताच बहीण कपाळाला हात लावते, "बाप्पा! एवढ्या उन्हात कशाला येऊन राहिले? डिसेंबरात यायचं होतं ना!" मग सगळे कूलरसमोर सतरंज्या टाकून पडतात. भावंडं एकमेकांना 'लई भारी' आणि 'काय करून राहिला बे' शिकवतात. आमच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या महिनाअखेरीकडे, हे कळल्यावर अण्णांची मुलं दर वर्षी तिथंच दाखला हलवण्याची मागणी करतात.

अण्णांना मात्र स्वस्थता नसते. परवा फोन केला तेव्हा ते वेळापत्रक पुढ्यात घेऊनच बसले होते. म्हणाले, "गाडी पुढं गोंदियापर्यंत जाते आणि आपण नागपूरलाच उतरतो. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया. पानंच्या पानं कोरी!" त्यांनी म्हणे अकोल्याच्या त्या नळावरच्या काकांना फोन लावला होता. त्यांची मुलगी तुमसरला दिलेली निघाली.

"म्हणजे जावई आपले मेव्हणेच की!" अण्णा म्हणाले. "मी सांगून ठेवलंय, स्टेशनवर नुसतं भेटायला या, डब्याचा त्रास घेऊ नका. अगदीच आणणार असाल तर मुलांसाठी तिखट जरा बेतानं."