आठ नंबरचा चाकू आणि खोबरेल तेल

ग्रेनोबल, फेब्रुवारीअखेर

ती. आई आणि ती. बाबा यांस,


फोनवर निम्मी हकीकत तुटते आणि उरलेली निम्मी तुमचे चिरंजीव आपल्या सोयीने सांगतात. म्हणून चाकूप्रकरणाचा साद्यंत वृत्तांत सूनबाईंनी कागदावर उतरवला आहे. बाबांनी तो ओटीवर मोठ्याने वाचायला हरकत नाही, फक्त तेलाचा मजकूर आला की मध्येच चष्मा पुसायला घेऊ नये.

चाकू ओपिनेलचा, आठ नंबरचा. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ, घडी घातली की खिशात मावणारा. ग्रेनोबलहून फार लांब नसलेल्या सावोयच्या डोंगरांतला हा माल. अवजारं घडवणाऱ्या लोहाराचा मुलगा झोझेफ ओपिनेल याने १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, असा पहिला चाकू केला. १८९७ पर्यंत त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत एक ते बारा असे नंबर पाडले होते. नुसती घडी असलेला चाकू जोर लावताना मिटतो आणि बोटावर येतो, म्हणून १९५५ मध्ये झोझेफचा मुलगा मार्सेल याने मुठीच्या गळ्याशी एक फिरतं पोलादी कडं बसवलं. त्याचं नाव विरोब्लॉक. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, की कड्याची फट बाजूला सरकते आणि पात्याचा परतीचा रस्ता बंद. २००० सालापासून मिटलेला चाकूही याच कड्याने बंद करता येतो.

एवढं सगळं पाठ असण्याचं कारण म्हणजे सँ-झाँ-द-मोरिएनचं ओपिनेल संग्रहालय. ते पाहून आल्यापासून चिरंजीव साधं सफरचंदसुद्धा व्याख्यान दिल्याशिवाय कापत नाहीत.

तर दिवाळीच्या आसपास चिरंजीवांनी हा चाकू ताटवाट्यांबरोबर भांडी धुण्याच्या यंत्रात घातला. तासाभराने बाहेर आला तो स्वच्छ, सुगंधी आणि घट्ट मिटलेला. नख लावून पातं ओढलं तर नख उचकटलं. पावसाळ्यात चिपळूणच्या माजघराचं दार जे करतं तेच मुठीने केलं होतं. लाकूड पाणी प्यायलं की लांबीत जेमतेम वाढतं, आडवं मात्र चांगलंच फुगतं. मुठीतली पात्याची चीर त्यामुळे आवळली गेली होती.

इथवर प्रकरण घरगुती होतं. मग चिरंजीवांनी त्याचा फोटो चिपळूणला पाठवला.

बाबांचा निरोप अर्ध्या मिनिटात आला: खोबरेल तेल सोड. चिरंजीव आज्ञाधारक, त्यांनी चमचाभर सोडलं. पातं दोन दिवसांनी उघडलं ते मूठ आपोआप वाळली म्हणून, पण श्रेय तेलाला गेलं आणि कड्यालाही तेच पाजायचं ठरलं. त्या दिवशी कडं असं गुळगुळीत फिरत होतं की बाबांचं नाव या घरात आदराने घेतलं जात होतं. आदर जानेवारीपर्यंत टिकला.

जानेवारीत मंडळी शार्त्रझच्या डोंगरात बर्फ पाहायला गेली. टोपलीत पाव, बोफोर चीज आणि आईंनी पाठवलेली लसणाची चटणी. चिरंजीवांनी चाकू काढला, प्रास्ताविक केलं आणि कडं फिरवायला गेले. ते जागचं हलेना. दोन्ही हातांनी, हातमोजा घालून, मग मोजा काढून, सर्व प्रयोग झाले. शेवटी पाव हाताने तोडला आणि चीज आळीपाळीने दातांनी. नातवाने निदान केलं, "आजोबांचं तेल झोपलंय."

मुलगा बरोबर बोलला. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं. तुमच्याकडे थंडीतल्या एखाद्या सकाळी बाटली उन्हात ठेवली की भागतं. इथे घर तापवायलाही फ्रान्समध्ये सरासरी एकोणीस अंशांची कायदेशीर मर्यादा आहे. हिवाळाभर आमच्या न्हाणीघरातल्या बाटलीत तेल नसतंच, पांढरी वडी असते. तीच वडी कड्याखाली जमली होती आणि तिच्यात पावाचा चुरा, खिशातली धूळ नि चटणीचा तिखट ऐवज मुरला होता. चटणी उत्तम झाली होती, हे आईंना स्वतंत्रपणे कळवणं आहे.

खालच्या मजल्यावर मूळचे सावोयचे एक आजोबा राहतात. त्यांना चाकू दाखवला तेव्हा त्यांनी आधी वास घेतला आणि स्वयंपाकात काय केलंय असं विचारलं. मग शांतपणे दोन गोष्टी वेगळ्या केल्या, ज्या आपल्या दोन्ही घरांनी मिळून एक करून टाकल्या होत्या. कडं मोकळं फिरतंय पण पातं हलत नाही, तर दोष फुगलेल्या लाकडाचा. पातं सैल आहे पण कडं अडतंय, तर दोष कड्याखालच्या मळाचा. पहिल्यावर तेल ओतून काही होत नाही, दुसऱ्यावर चुकीचं तेल ओतलं की व्हायचं तेच होतं.

लाकूड फुगलं असेल तर चाकू मोकळ्या हवेत चार दिवस पडू द्यावा. हीटरवर ठेवू नये, मूठ तडकते. तातडी असेल तर आधी कडं फटीशी जुळवायचं आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्कन आपटायचं, पात्याचं टोक आपसूक वर येतं. याला इथे 'सावोयार्डचा ठोका' म्हणतात. आजोबांनी तो दाखवला आणि नातवाने दिवसभर त्याचा सराव केला. चाकू काढून घेतल्यावर चमच्याने केला.

कड्याचं काम नाजूक. पात्याला जाड कापड गुंडाळून सर्क्लिपच्या पकडीने कड्याची फट जराशी फाकवली की ते निघून येतं. जास्त फाकवलं तर नंतर कायमचं सैल बसतं, त्यामुळे ही पक्कड चिरंजीवांच्या हाती देण्यात आली नाही. आतली वडी काडीने खरवडली, स्पिरिटच्या बोळ्याने खाच पुसली, कोरडी केली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. ते थंडीत थिजत नाही आणि चिकटही होत नाही. लाकडाला मात्र जवसाचं तेल चोळलं. ते हवेत सुकून मुठीवर पातळ थर धरतं आणि पाणी सहजासहजी आत जाऊ देत नाही. पण तेच सुकणं कड्याखाली झालं तर पुन्हा पक्कड शोधावी लागते, म्हणून तिथे ते जाऊ द्यायचं नाही.

आता कडं बोटाने फिरतं. सबळ कारणाशिवाय चाकू खिशात घेऊन हिंडणं इथे कायद्याला चालत नाही, त्यामुळे त्याचा मुक्काम सहलीच्या टोपलीत आहे. चिरंजीवांना हे दर रविवारी नव्याने सांगावं लागतं.

बाबांनी स्वतःसाठी शुभ म्हणून अकरा नंबरचा मागवला आहे, त्याबद्दल. एक आणि अकरा हे दोन नंबर कारखान्याने फार पूर्वीच बंद केले. मे महिन्यात येताना दहा किंवा बारा आणता येईल. तो मोठ्या बॅगेतच येईल, विमानात हातात चालत नाही, तेव्हा विमानतळावरच दाखवा म्हणू नये. तेरा नंबरही मिळतो, त्याचं पातं बावीस सेंटिमीटरचं. बाबा तेरावा घरात येऊ देणार नाहीत हे माहीत आहे, पण मे म्हणजे फणसाचे दिवस, म्हणून आईंनी आपलं मत वेगळं कळवावं.

तुमची,
सूनबाई