हवाई अंतराचे शास्त्र आणि पावसचा प्रवासी

दोन विमानतळांमधील अंतर काढताना त्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन त्यांना जोडणाऱ्या महावर्तुळाच्या, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून छेद घेतल्यावर पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळाच्या, कंसाची लांबी मोजतात. या रीतीने मुंबई व रत्नागिरी या विमानतळांमधील अंतर सुमारे २३६ किलोमीटर, अर्थात १८५२ मीटरचा एक या मापाने १२७ सागरी मैल भरते. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला ते कापण्यास २८ मिनिटे पुरतात आणि चढउताराचा वेळ धरूनही तासाभरात सारे आटोपते. या गणितात गृहीत धरावी लागणारी गोष्ट एकच, ती म्हणजे विमान. रत्नागिरी विमानतळाची मिरजोळ्यातील धावपट्टी गेली कित्येक वर्षे मुख्यतः तटरक्षक दलाच्या कामी येत असल्याने हा २८ मिनिटांचा प्रवास अचूक, निर्दोष आणि प्रवाशाविना राहिला आहे.

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि रत्नागिरीजवळच्या पावस गावातील रहिवाशालाही आकाश खुले झाले. मुंबई उत्तरेला असल्याने त्याने प्रथम शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला जावे, तेथे तपासणीच्या रांगेत उभे राहावे आणि मग ३५० किलोमीटरच्या हवाई मार्गाने उत्तरेकडे वळावे, अशी ही सोय आहे. नकाशावर चिपी ते मुंबई सरळ रेषा ओढली असता ती पावसच्या जवळजवळ माथ्यावरून जाते. म्हणजे पहाटे घराला कुलूप लावून निघालेला गृहस्थ दुपारी स्वतःच्याच कौलांवरून पुढे सरकतो, आणि या प्रदक्षिणेला धोरणाच्या भाषेत हवाई जोडणी म्हणतात. चिपीची मुंबई सेवा मध्यंतरी बंद पडली, तेव्हा मात्र जवळच मोपा होतेच. जानेवारी २०२३ पासून प्रवाशांना खुला झालेला हा गोव्यातील विमानतळ चिपीपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही दूर नसल्याने, विमानतळांना परस्परांचा शेजार उत्तम लाभला आहे.

प्रवासाचा वेळ ही अंतराहूनही नाजूक संकल्पना होय. २०१६ च्या उडान योजनेत तासाभराच्या उड्डाणाच्या निम्म्या आसनांसाठी २५०० रुपयांची भाडेमर्यादा ठरवण्यात आली. पण तो तास धावपट्टीवर सुरू होतो, तर पावसकराचा तास एसटीच्या थांब्यावर. पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक काढून, निसर्ग हा प्रवासाचा घटक आहे हे कोकण रेल्वेने दरवर्षी मान्य केले आहे. हवाई अंतराच्या कोष्टकात मात्र आषाढ आणि माघ या दोहोंना एकच वेळ असतो, तर २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाला कोष्टकात बसवण्याचे धाडस कोणत्याही शास्त्राने केलेले नाही.

गणपतीला गावी येणारा चाकरमानी म्हणूनच किलोमीटर, सागरी मैल किंवा मिनिटे यांपैकी कशाच्याही नादी न लागता अंतर रेल्वेच्या वेटिंग लिस्टमधील क्रमांकाने मोजतो. हे माप महावर्तुळाच्या कंसापेक्षा भरवशाचे ठरले आहे. कारण हा क्रमांक उतरला, तरच गाव जवळ येते.