‘पाच तास चालणार’ म्हणणाऱ्या शेठजींना

शेठजी,

निंबर्ग्याहून तुमच्या दुकानात होडीला लावायची बॅटरीची मोटार घ्यायला दोघं आले होते. त्यातले कापडी पिशवीवाले माझे मामा. पिशवीत दोन हंगामांची कटला-रोहू होती, ती तुमच्या गल्ल्यात सुखरूप पोचली.

परवा पहाटे अमर्जा धरणात तुमची मोटार गप्प झाली. तिचा आवाज होत नाही, हे तुम्ही तीनदा सांगितलं होतं. खरंच होत नाही. ती बंद पडल्याचं आम्हाला किनारा लांब जायला लागल्यावर कळलं. वल्हं घरी होतं, कारण “आता वल्ह्याचं काय काम, मामा?” हे तुमचंच वाक्य. मी डब्याच्या झाकणानं दोन तास पाणी ओढलं. मामा कानडीत एवढंच म्हणाले, “आगल्ला.” म्हणजे, जमायचं नाही.

वायर तापते, पंख्यात जाळ्याचा दोर गुंततो, ते राहू द्या. ‘पाच तास’ कुठून आणलेत तेवढं सांगा.

बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास, सव्वा युनिटसुद्धा नाही. शिशाची बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. तुमची ५५ पौंड रेट्याची मोटार पाचव्या खटक्यावर ५० अँपिअर पिते, म्हणजे ६०० वॉट. झाला एक तास! पहिल्या खटक्यावर पाच तास चाललीही असती; वेग निम्मा केला की ताकद साधारण आठवा हिस्साच लागते. पण तुम्ही वेग सांगितलात पाचव्या खटक्याचा आणि तास सांगितलेत पहिल्याचे. जाळं टाकताना मामांना माणूस चालतो तेवढाच वेग लागतो. तुम्ही ते विचारलंच नाहीत, “किती जोराची हवी?” एवढंच विचारलंत.

आणि बॅटरी कसली दिलीत? ट्रॅक्टरची! तिचं काम किल्ली फिरवली की एक धक्का द्यायचं. तासन् तास रिकामी करत गेलं की तिच्या पातळ प्लेटा काही महिन्यांतच संपतात. त्यापेक्षा आमच्या घरातली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बरी. ती निदान रोज उपसायलाच बनवलेली असते. मोबाइलवर केरळची ‘आदित्य’ बोट दाखवलीत, वायकमची, २०१७ पासून सूर्यावर चालणारी, ७५ माणसांची. तिच्या पोटात ५० युनिटांची बॅटरी आहे, शेठजी. तिच्या नावावर तुम्ही सव्वा युनिट विकलंत. ह्याला आमच्याकडे लबाडी म्हणतात. उपरोधानं नाही, सरळच म्हणतात.

काल फोनवर मी आवाज चढवला. तुम्ही मध्येच विचारलंत, “मामा पोहतात ना?” मग म्हणालात, मला पोहता येत नाही, होडीत कधी बसलो नाही, कंपनीनं इंग्रजीतला एक कागद दिला तेच वाचतो, न खपलेला माल परत घेत नाहीत. मी काही बोललो नाही. त्या कागदानं आधी तुम्हालाच बुडवलंय, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पैसे मात्र सोडणार नाही.

येत्या रविवारी धरणावर या. मामा होडीत बसवतील, बॅटरी कुठवर नेते ते डोळ्यांनी बघा. येताना एक वल्हं आणा. आमचं सध्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू लावलंय.

आपला,
झाकणवाला भाचा